मिरची खुडायचा दिवस

आपण बोलताना अडखळतो, हे नंदिनीला शाळेत गेल्यावर कळलं. तोपर्यंत तिला वाटायचं की शब्द असेच असतात. काही सरळ येतात, काही दारात थबकतात, आणि थबकले की घरातले सगळे त्यांच्यासाठी थांबतात. ती ‘ग ग गाय’ म्हणाली की आजी ‘ग ग गाय’ म्हणायची, आजोबा म्हणायचे, स्वयंपाकघरातून मोठी आई, म्हणजे थोरली काकूही म्हणायची. मग शाळेच्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाकावरची मुलगी नुसतीच ‘गाय’ म्हणाली, तेव्हा नंदिनीला वाटलं, बिचारीला कुणी नीट शिकवलेलं दिसत नाही.

हे सगळं बाईंचं काम. बाई म्हणजे नंदिनीची आजी, प्रेमिला गजभिये. त्यांनी आपली सगळी नोकरी नागपूर महानगरपालिकेच्या शाळेत, आणि तीही पहिलीच्या वर्गावर काढली. वरचे वर्ग घ्या म्हणून कितीदा विचारणा झाली, पण ‘मोठ्या पोरायले कोणीबी शिकवते’ म्हणून त्यांनी पहिली सोडली नाही. शाळेतली पोरं बाई म्हणायची, म्हणून मोहल्ला बाई म्हणू लागला, मग नवरा, मग मुलं आणि सुना. नातवंडांनी ‘आजी’ म्हणून हाक मारून पाहिली, पण त्या हाकेला बाई मान वळवत नसत.

सकाळी त्या सक्करदऱ्याच्या तलावाकडे फिरायला निघाल्या की वाटेत त्यांचे विद्यार्थी भेटत. कुणाचे केस पांढरे झालेले, कुणी आजोबा झालेला. एखादा ऑटो थांबवून म्हणायचा, ‘बाई, बसा नं, सोडून देतो.’ बाई बसायच्या, पण त्याआधी त्याला शर्टाचं वरचं बटण लावायला लावायच्या. तोही मुकाट्यानं लावायचा.

बाई मूळच्या भिवापूरच्या. त्यांची आई तुळसाबाई तिथल्या सातऱ्यावर कामाला जायची. सातरा म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं आवार. तिथं उन्हात बसून बायका दिवसभर लाल मिरचीचे देठ खुडायच्या. प्रेमिलाही आईबरोबर जायची. कोवळी बोटं, दुपारपर्यंत त्यांची आग आग व्हायची. छप्पन साली वडील रामाजी तिला बोटाला धरून नागपूरला धम्मदीक्षेला घेऊन गेले आणि परत आल्यावर त्यांनी घरात सांगून टाकलं की आता काही झालं तरी या पोरीची शाळा सुटणार नाही. शाळा सुटली नाही, पण सुट्टीच्या दिवशीचा सातराही सुटला नाही. तेव्हा तिथल्या बायकांनीच तोड काढली. ‘तू आमाले पुस्तक वाचून दाखव वं पोरी. तुह्या वाट्याची मिरची आमी खुडतो.’ प्रेमिला मधोमध बसून वाचायची, आणि भोवतीच्या बायका आपली आणि तिची अशी दोन्ही मिरची खुडायच्या. ‘माझं शिक्षण दुसऱ्यायच्या बोटायनं झालं,’ असं बाई शेवटपर्यंत सांगत.

पुढे छोट्या लाईनच्या गाडीनं त्या नागपूरला आल्या, मास्तरकीचं शिक्षण घेतलं, धोंडबांशी लग्न झालं. धोंडबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा दोन मुलं लहान होती, दोन दीर शिकत होते. बाई सकाळी शाळेत जात आणि दुपारनंतर अंगणात शिकवणीची पोरं बसवत. दीर मार्गाला लागले, मुलं शिकली, सुना आल्या. बाई घराचा खांब आहेत असं पाहुणेरावळे म्हणत, ते त्यांना आवडत नसे. ‘खांबाले बसता येत नाही,’ त्या म्हणत, ‘मले जरा बसू द्या,’ आणि पाय पसरून सुपारी कातरायला घेत.

तर दरवर्षी होळीच्या आगेमागे भिवापूरहून मिरचीचं पोतं यायचं. मग एक रविवार ठरायचा. त्या दिवसाला घरात सगळे ‘सातरा’च म्हणत. गच्चीवर जुन्या चादरी अंथरायच्या, हातांना खोबरेल तेल चोळायचं, डोक्याला दुपट्टे बांधायचे आणि गोल बसून देठ खुडायचे. एकानं मात्र मिरचीला हात लावायचा नाही. त्यानं पेपर वाचायचा. वाचणाऱ्याचे हात स्वच्छ, म्हणून बाकीच्यांची नाकं खाजवणं, घाम पुसणं, तोंडाला पाण्याचा गिलास लावणं हेही त्याचंच काम. आजोबांनी एकदा मिरचीच्या हातानं स्वतःचा डोळा चोळला होता. ती गोष्ट दरवर्षी निघायची आणि दरवर्षी तिच्यात थोडी भर पडायची.

नंदिनीला आठवतं तेव्हापासून वाचायची रीत ठरलेली होती. पेपर हातात असलेल्यानं एक ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी ती तशीच्या तशी म्हणायची, पहिलीच्या वर्गात म्हणतात तशी. ‘उद्या दक्षिण नागपुरात पाणीपुरवठा बंद राहील’ ही ओळ गच्चीवरून अशी एका सुरात उठायची की शेजारच्या बायका बादल्या भरायला धावायच्या. वाचणारा अडखळला, तर सगळ्यांनी तिथंच आणि तितकंच अडखळायचं. नंदिनीची पाळी आली की विदर्भात ‘मु मु मुसळधार’ पाऊस पडायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

या सवयीनं एकदा मोठी पंचाईत केली. मेट्रो नवीन सुरू झाली होती, आणि बाई सगळ्या घराला घेऊन बर्डीहून खापरीपर्यंत हौसेनं बसल्या. गाडीत गर्दी होती. वरून आवाज आला, पुढचं स्टेशन कोणतं ते सांगणारा. ओळ संपली, बाईंनी वर्गात थांबत तशी सवयीनं मान किंचित वर केली, आणि आजोबा, मोठी आई, चुलतभाऊ पियुष, नंदिनी, झाडून सगळे ती ओळ मोठ्यानं म्हणून मोकळे झाले. अख्खा डबा वळून पाहू लागला. पियुषनं खिडकीकडे तोंड फिरवलं. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, ‘धोंडबा, तुमचं शेवटचं अक्षर राहिलं.’

शाळेत मुलं नंदिनीला तोतरी म्हणू लागली तेव्हा ती रडत घरी आली. बाई भाजी निवडत होत्या. ‘हसतेत? हसू दे,’ त्या म्हणाल्या. ‘त्यायच्या घरी तसं म्हणतेत, आपल्या घरी असं म्हणतेत. मेथी घे हातात.’ पुढे धंतोलीतल्या एका डॉक्टरणीनं श्वासाचे व्यायाम शिकवले, त्यानं बराच फरक पडला. तरी अनोळखी माणसांसमोर शब्द अजूनही दारात थबकतातच. नंदिनीनं डी.एड. केलं, चांगल्या गुणांनी केलं, आणि मग बर्डीवरच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम धरलं. तिथं दिवसभर कुणाशी बोलावं लागत नव्हतं.

बाई गेल्या वर्षी थंडी सुरू होताना गेल्या. दुपारी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत त्यांचा डोळा लागला, तो लागलाच. पुण्यानुमोदनाच्या विधीला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चपला मावेनात. आलेल्या प्रत्येकाच्या शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं, हे फक्त मोठ्या आईच्या लक्षात आलं, आणि ते सांगताना ती हसली आणि रडली.

यंदा होळी आली आणि पोतं आलं. नंदिनीचे बाबा प्रीतम म्हणाले, ‘या वर्षी देठासकट गिरणीवर दळून आणू. कोण बसते आता?’ आजोबांनी वर न पाहता सांगितलं, ‘रविवारी सातरा आहे.’ तो विषय तिथंच मिटला.

नंदिनीला मात्र त्या रविवारची धास्ती वाटत होती, कारण त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तिला एका शाळेत डेमो द्यायचा होता. पहिलीच्या वर्गासाठी शिक्षिका हवी होती. तिनं अर्ज केला होता, का केला ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं, आणि त्यांनी बोलावलं होतं. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसणार आणि हिनं मुलांना शिकवून दाखवायचं. नंदिनीनं मनाशी ठरवून टाकलं होतं की जायचं नाही. सोमवारी सकाळी ताप आला म्हणून कळवायचं. हे ती फक्त पियुषजवळ बोलली होती. पियुष मोठ्या आईचा, म्हणजे मायाकाकूचा मुलगा. बर्डीवर त्याचा मोबाईलच्या कव्हरांचा ठेला होता आणि त्याच्या पोटात गोष्ट राहत नसे, हे ती विसरली.

रविवारी गच्चीवर चादरी पडल्या. ऊन कोवळं होतं. मिरची ओतली तशी सगळ्यांना एकदम शिंका आल्या, आणि बाई गेल्यापासून घरात पहिल्यांदाच सगळे एकाच वेळी हसले. बाईंची जागा पाण्याच्या टाकीच्या सावलीत होती. तिथं कुणी बसलं नाही, पण कुणी तसं बोललंही नाही.

‘पेपर कोण घेते?’ प्रीतमनी विचारलं.

‘नंदे, तू घे,’ मोठी आई म्हणाली.

‘नको. आज तुम्हीच एकेकानं मनात वाचा,’ नंदिनी म्हणाली आणि हातांना तेल चोळू लागली. ‘भिवापूरची रीत आता बाईंबरोबर गेली.’

मोठ्या आईनं मिरची खाली ठेवली. ‘भिवापूरची कोणती?’

‘ही. एकानं म्हणायचं, मग सगळ्यांनी म्हणायचं.’

‘हे भिवापूरचं नाही वं,’ मोठी आई म्हणाली. ‘मी लग्न होऊन आली तवा असं नव्हतं. एकजण वाचे अन् बाकीचे चूप बसून ऐकत. बाईलेच तसं पाहिजे राहे. वर्षभर पोरायचा कलकलाट ऐकते, म्हणत, एक दिवस तरी मले कोणीतरी वाचून दाखवा. हे म्हणायचं तुह्यापासून सुरू झालं.’

‘माझ्यापासून?’

‘तू पाच वर्षांची होती. बाईनं तुले घरीच वाचायले शिकवलं होतं. हट्ट करून तू पेपर घेतला अन् पहिल्याच शब्दाले अडकली. हा पियुष फिसकन हसला. बाईनं मिरची ठेवली, तू अडकली तसंच अडकून तो शब्द म्हणल्या, अन् आमच्याकडे पाह्यलं. एकेकाकडे. बाईनं पाह्यलं की म्हणाच लागे. तू खाली पाणी प्यायले गेली तवा सांगतलं, अडकलं तं सगळे अडकू. लेकरू एकटं काहून अडकू द्याचं?’

नंदिनीचे तेलकट हात मांडीवर तसेच राहिले. लहानपणची सगळी गच्ची तिच्या डोळ्यांसमोरून सरकली. मुसळधार पाऊस, बादल्या, मेट्रो. तिला वाटत आलं होतं की हे तुळसाबाईंच्या काळापासून चालत आलेलं आहे आणि ती त्यातली एक आहे.

‘म्हणजे इतकी वर्षं तुम्ही सगळे नाटक करत होते,’ ती म्हणाली. ‘आणि बाईंचा वर्षातला एक ऐकायचा दिवस, तोही माझ्यापायी गेला.’

‘ऐकत होती थोडी!’ आजोबा एवढ्या जोरात म्हणाले की त्यांच्या हातातली मिरची उडाली. ‘तिले चूप बसणं जमलंच कधी? म्हणे मले वाचून दाखवा, अन् वाचणाऱ्याले हर ओळीले टोके. मी तं पेपर घेतला की घामच फुटे. उच्चार असा करा, दम तिथं घ्या. सगळ्यायनं संगं म्हणायचं सुरू झालं, तवा कुठी मी सुटलो.’

‘अन् नाटक कशाचं वं?’ मोठी आई म्हणाली. ‘पहिले एक-दोन वर्षं केलं असन नाटक. मंग आदत पडली. तुले खरं सांगू? मी सातवी नापास. या घरात लग्न होऊन आली अन् पाहते तं इथं मिरचीच्या दिवशीबी पेपर वाचतेत. माही पाळी आली की मी बाथरूममंधी जाऊन बसे. दरवर्षी. बाईले वाटे, मले मिरची बाधते.’

‘वाटत नव्हतं,’ आजोबा म्हणाले. ‘तिले माहीत होतं.’

मोठी आई हातातला देठ अर्धवट सोडून त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, ‘माहीत असन तरी बोलल्या नाहीत कधी. सगळे म्हणायले लागले तसं मीबी पेपरात डोकावत घोळक्यात म्हणू लागली. अक्षर कोणतं अन् शब्द कोणता, हळूहळू ध्यानात आलं. आता सकाळी पेपर पहिले मी वाचते, विचार घरात कोणालेबी. तू अडकत नसती तं मी आजबी बाथरूममंधी राहिली असती.’

‘वहिनी, तुले तिथं बाहेरून कडी लावली होती मी एकदा,’ प्रीतम म्हणाले.

‘ते तुमी होते काय भाऊजी?’

हसणं थांबेपर्यंत कुणाचंच देठ खुडणं झालं नाही. हसता हसता आजोबांच्या नाकावर घाम आला. ‘अरे, कोणाचे हात साफ आहेत का? नाक, नाक,’ ते ओरडू लागले. नंदिनीच्या हातांना अजून फक्त तेलच लागलं होतं. तिनं उठून ते दुपट्ट्याला पुसले, आजोबांचं नाक खाजवलं आणि आपसूक पेपर उचलला.

‘विदर्भात पारा चढू लागला,’ तिनं वाचलं.

‘विदर्भात पारा चढू लागला,’ गच्ची म्हणाली.

‘ना ना नागरिकांनी दुपारी बाहेर पडणे टाळावे.’

‘ना ना नागरिकांनी दुपारी बाहेर पडणे टाळावे.’ आजोबांचं शेवटचं अक्षर राहिलं. कुणीतरी टाकीच्या सावलीकडे पाहिलं.

पियुषच्या पोटात गोष्ट फार वेळ राहणार नव्हतीच. ‘हे झालं,’ तो म्हणाला. ‘आता उद्याची बातमी वाच नं. पेपरात नाही आली ती.’

‘पियुष,’ नंदिनी म्हणाली.

‘पियुष,’ सगळे म्हणाले.

‘म्हणू नका रे, मी वाचत नाहीये.’

‘म्हणू नका रे, मी वाचत नाहीये.’ आता प्रीतमसुद्धा खोडीला आले होते. पेपर तिच्या हातात होता, आणि पेपर हातात असलेल्यानं जे म्हटलं ते म्हणायचं, हा नियमच होता. नंदिनीनं पाहिलं की सुटका नाही.

‘उद्या माझा डेमो आहे,’ ती म्हणाली. ‘पहिलीच्या वर्गावर.’

‘उद्या माझा डेमो आहे. पहिलीच्या वर्गावर.’

‘मी जा जा जाणार नाही.’

‘मी जा जा जाणार नाही,’ सगळे एका सुरात म्हणाले. आजोबा म्हणाले, मोठी आई म्हणाली, बाबा म्हणाले. ते वाक्य इतक्या तोंडांतून परत आलं आणि गच्चीच्या मधोमध मिरचीवर येऊन पडलं. एकटीच्या मनात आठवडाभर ते किती शहाणं वाटलं होतं. आता असं मोठ्यानं ऐकलं तर पहिलीतल्या पोरानं शाळेच्या दारात बसकण मारावी तसं वाटलं. अशी पोरं बाईंनी कितीतरी उचलून आत नेली होती. नंदिनीला हसू आलं. हसू आवरून ती सरळ बसली.

‘जाईन,’ ती म्हणाली.

‘जाईन,’ गच्ची म्हणाली. मग मोठ्या आईनं सगळ्यांना देठांकडे लक्ष द्यायला सांगितलं, कारण ऊन डोक्यावर आलं होतं आणि पोतं अजून अर्धंही झालं नव्हतं.

सोमवारी नंदिनी शाळेत गेली तेव्हा तिच्या बोटांना साबणानं धुऊनही मिरचीचा वास येत होता. वर्ग छोटा होता. मुख्याध्यापिका पुष्पलता मॅडम मागच्या बाकावर गुडघे आखडून बसल्या. मुलं नवीन मॅडमकडे पाहत होती. फळ्यावर तिनं एक मिरची काढली, लांब देठाची, आणि मुलांकडे वळली. तोंड उघडलं, आणि तिला भीती होती तेच झालं.

‘मि मि मि...’ शब्द दारात थबकला. तिनं डॉक्टरणीनं शिकवल्याप्रमाणे श्वास सोडला. ‘मिरची लाल, देठ हिरवा.’ आणि मग, काय करावं ते न सुचून, तिनं ओळ संपल्यावर बाई थांबत तशी मान किंचित वर केली आणि ती थांबली.

‘मि मि मि, मिरची लाल, देठ हिरवा,’ अख्खा वर्ग म्हणाला. कुणी हसलं नाही. त्यांना वाटलं, कविता अशीच आहे.

पुष्पलता मॅडमनी चष्मा वर केला. नंदिनीनं दुसऱ्यांदा ओळ म्हटली, या वेळी ती सरळ आली. वर्गात जरा कुजबुज झाली. पहिल्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या चिन्मयीनं हात वर केला.

‘मॅडम, मि एकदाच म्हणायचं की पुष्कळदा?’

नंदिनी तिच्या बाकापाशी गेली. तिच्या फ्रॉकच्या गळ्याचं बटण सुटलं होतं, ते तिनं लावून दिलं.

‘जितक्यांदा येईल तितक्यांदा,’ ती म्हणाली. ‘आपण सगळे थांबू.’

‘जितक्यांदा येईल तितक्यांदा,’ वर्ग म्हणाला. ‘आपण सगळे थांबू.’